माहितीपटवाल्याचं पोट कशावर चालतं? सोलापुरातून विचारतेय

कांडीवाली

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय २३. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही. वडील यंत्रमागावर होते, आता टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. अम्मम्मा, म्हणजे आईची आई, लग्न होऊन आली तेव्हापासून बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हजार बिड्यांचा हिशेब असतो, पण आता तिच्या हातून दिवसाला सहाशेच होतात. उरलेल्या चारशे आई रात्री पुऱ्या करते.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीकडे आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पाहिला. तीन तासांहून मोठा आहे, आम्ही दोन रात्रींत संपवला. करायला १४ वर्षं लागली असं कळलं. तेव्हापासून डोक्यात एकच किडा: १४ वर्षं हा माणूस खात काय होता?

कारण मीही सुरू केलंय. अम्मम्माचं फोनवर शूटिंग. साधारण नऊ तासांचं झालंय. वडील म्हणतात, "शूटिंगच करायचं तर लग्नाचं कर, दोन पैसे तरी येतील." मला या लोकांचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं ते जाणून घ्यायचंय. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय होतच नाही का? आणि एक बारीकशी अडचण: फोन समोर धरला की अम्मम्मा शाळेच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते. पदर नीट करते आणि "आमचं सगळं चांगलं आहे" म्हणते. चांगलं काही नाहीये.

फिल्मकीडा_पुणे

पटवर्धनांबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहितो.

जन्म १९५०, मुंबई. एल्फिन्स्टनमधून बी.ए., मग अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र. तिथे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या चळवळीत होते. परत आल्यावर मध्य प्रदेशात 'किशोर भारती' या संस्थेत ग्रामीण भागात काम केलं. १९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाशांचं आंदोलन पेटलं आणि तिथे हा माणूस कॅमेरा घेऊन पोचला. कॅमेरा कसला, तर सुपर ८, म्हणजे घरगुती सहलींचं चित्रण करायचा. ते चित्रण पडद्यावर पाडून १६ एमएमवर पुन्हा टिपलं. त्यातून 'क्रांती की तरंगें' झाला, तोवर आणीबाणी आली, आणि प्रत तुकड्यातुकड्यांनी देशाबाहेर न्यावी लागली.

मग १९८५ चा 'हमारा शहर', मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडण्यावरचा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार. 'राम के नाम', 'जंग और अमन', २०१८ चा 'विवेक'. यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या मागे कोर्टाची फाइल आहे. 'जंग और अमन'ला सेन्सॉरने काटछाट सांगितली, ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि एकही कट न देता प्रमाणपत्र घेऊन आले. दूरदर्शन दाखवत नाही म्हणूनही कोर्टात गेले, आणि जिंकले.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर मात्र यात नाही. एवढं खरं की ते कॅमेरा स्वतः धरतात, संकलन स्वतः करतात. मोठं युनिट नसलं की खर्चही आटोक्यात राहतो.

बार्शी_लाईट

आमच्या वडिलांच्या मते माहितीपट म्हणजे सिनेमा सुरू व्हायच्या आधी बाहेर जाऊन शेंगा घ्यायचा वेळ. सरकारची फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाली आणि तिचे लघुपट प्रत्येक थेटरात मुख्य सिनेमाआधी दाखवणं सक्तीचं होतं. पूर, धरण, कुटुंबनियोजन. लोक आत यायचे ते नंतर.

बाकी या धंद्याची सुरुवात मराठी माणसाचीच बरं का. सावेदादा, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. १८९६ साली मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, त्यानंतर यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा बोटीवरून उतरतानाही टिपले. फाळके यायला अजून दहा-बारा वर्षं होती. पण सावेदादा पोटासाठी फोटोग्राफीच करायचे. म्हणजे ताईंच्या वडिलांचं म्हणणं सव्वाशे वर्षं जुनं आहे.

धोटा

कांडीवाली, तुझं नाव वाचून थांबलो. आमची आई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या. म्हणून मी धोटा. मागावर जो इकडून तिकडे नुसता पळत असतो तो.

पटवर्धनांबद्दल वर आलंच आहे. मी तुला एका अनोळखी माहितीपटवाल्याचं सांगतो, जो तुझ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर राहतो. म्हणजे मी. वय ५१. लांबेल, चहा घेऊन बस.

वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम. आमच्या घरात घड्याळ होतं, पण बघायचं कोणी नाही, भोंग्यावर सगळं. मिल बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि त्यानंतर कित्येक महिने वडील भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. हे मी त्या वेळी टिपलं नाही. माझ्याकडे कॅमेरा नव्हता असं सांगायला आवडलं असतं, पण मामाचा होता. मामा लग्नाचं शूटिंग करायचा, व्हीएचएस, खांद्यावर ठेवायचा बाजा. मी हॅलोजन धरायचो. दर लग्नाला पन्नास रुपये आणि जेवण.

तर तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांचं चुकत नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये मी जे शिकलो ते मला कुठल्या कोर्सने शिकवलं नसतं. अक्षता पडतात त्या क्षणाला रीटेक नाही. तू त्या वेळी बॅटरी बदलत असशील तर नवरीचा बाप तुला जन्मभर माफ करणार नाही. सगळे नवरीकडे बघत असताना तिच्या आईकडे बघायचं, हे मला मामाने शिकवलं. तेवढंच मी आजही करतो.

१९९९ ते २००२ मी पैसे साठवले आणि २००३ साली एक सेकंडहँड मिनी डीव्ही कॅमेरा घेतला. मिनी डीव्हीने आमच्यासारख्यांना दार उघडलं, हे आज फोनवाल्या पिढीला कळणार नाही. १६ एमएमचं चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपायचं, वर ते धुवायचा खर्च. सोलापूरच्या जॉबरच्या पोराने कधी केलं असतं? डीव्हीची टेप तासाभराची, आणि पुसून परत वापरता यायची. (परत वापरू नये. मी वापरल्या. पुढे येतंच आहे.)

पहिला विषय डोक्यात होता मार्शल लॉ. सोलापुरात वाढलेल्या प्रत्येकाला चार हुतात्म्यांची नावं पाठ असतात: धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. पण त्याआधीचं, १९३० च्या मे महिन्यातलं, ८ तारखेचा गोळीबार, पोलिसांनी शहर सोडलं ते दिवस आणि मग १२ मे ते ३० जूनचा लष्करी अंमल, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं अशी माणसं २००३ साली बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यातले एक आजोबा मला साखर पेठेत सापडले. मे १९३० मध्ये ते नऊ वर्षांचे होते.

तासभर बोलले. कुठल्या गल्लीत कोण राहायचं, कोणाच्या घरात काय शिजायचं. मी आतून चडफडतोय, अहो गोळीबाराचं सांगा की. टेप संपली. दुसरी टेप काढली तर ती एका बारशाची, पुसायची राहिलेली. पुसू का नको असा विचार करतोय तोवर आजोबा सहज म्हणाले, की सोजिर आले तेव्हा त्यांच्या वडिलांनी गांधी टोपी ज्वारीच्या कणगीत लपवली, आणि पुढे सुगीपर्यंत ती काढायची कोणाची छाती झाली नाही, शेवटी उंदरांनी खाल्ली. हसले. कॅमेरा बंद होता.

मी म्हटलं, अण्णा, पुढच्या आठवड्यात येतो, हेच परत सांगा. पुढच्या आठवड्यात लग्नाच्या चार ऑर्डरी होत्या. गेलो तेव्हा तेरावं झालं होतं.

तो माहितीपट झालाच नाही. बारशाची ती टेप अजून माझ्याकडे आहे.

आता पोटाचं. मी २३ वर्षांत सात माहितीपट केले. त्यातल्या दोनांचे पैसे मिळाले, एक पाण्यावरचा होता, एक शाळांवरचा, दोन्ही संस्थांनी करून घेतलेले. दोन स्वखर्चाने. तीन उधारीवर, त्यातली एक उधारी बायकोची आहे, ती अजून फिटलेली नाही. लग्नसराईत कमवायचं आणि आषाढापासून दिवाळीपर्यंत स्वतःचं काम करायचं, असं माझं वर्ष चालतं. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस नसतो, त्यामुळे शूटिंगला बरं.

मुंबई-दिल्लीतल्यांचं गणित थोडं वेगळं. पीएसबीटी नावाची माहितीपटांना पैसे देणारी संस्था २००० साली निघाली, तिने बऱ्याच जणांना पहिलं काम दिलं. फिल्म्स डिव्हिजन होती, ती २०२२ साली एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. परदेशी चॅनेलांकडे, फंडांकडे अर्ज करतात, त्यासाठी इंग्रजीत पानंच्या पानं लिहावी लागतात. काही जण शिकवतात. काहींचा नवरा किंवा बायको नोकरी करते, आणि हे मुलाखतीत कोणी सांगत नाही. निव्वळ माहितीपटावर घर चालवणारा मला आजवर एकच भेटला, आणि त्याचं घर वडिलोपार्जित होतं.

पुण्या-मुंबईला जायचं का? बघायला जा. मिफ हा माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी मुंबईत भरतो, एकदा तरी सगळे दिवस बसून बघ. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचे छोटे कोर्स असतात. पण करायचं इथेच. तिथला माणूस तुझ्या गल्लीत आला तर त्याला दुभाषा लागेल. तुला नाही.

अम्मम्माचं उद्या लिहितो. आत्ता एका मुंजीला जायचंय.

नाव_नको

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बिडीवाल्या बायकांवर, मागावर, वस्त्यांवर फिल्म करायला दरवर्षी कोणीतरी येतं. फोटो काढतात, डोळ्यांत पाणी आणतात, कुठेतरी बक्षीस घेतात. ज्यांचं टिपलं त्यांना ती फिल्म कधी दिसतच नाही. माझी आई अशा एका फिल्ममध्ये आहे म्हणे. आम्ही पाहिलेली नाही.

धोटा

नाव_नको, तुमच्याशी भांडायचं काही कारण नाही. खरं आहे. माझ्याही हातून झालंय, शाळांवरचा माहितीपट मी त्या शाळांत दाखवायला कधी गेलो नाही. संस्थेने त्यासाठी पैसे दिले नव्हते, हे कारण मी दहा वर्षं स्वतःला सांगत होतो.

पटवर्धनांचं मला सर्वांत पटतं ते हेच. 'जय भीम कॉम्रेड' ११ जुलै १९९७ च्या, मुंबईच्या रमाबाई नगर या दलित वस्तीतल्या पोलिसांच्या गोळीबारापासून सुरू होतो. दहा माणसं गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. घोगरे पटवर्धनांच्या ओळखीचे, 'हमारा शहर'मध्ये त्यांचं गाणं आहे. म्हणजे १४ वर्षं ही विषय निवडून काढलेली नाहीत, ओळखीचा माणूस गेला म्हणून त्याच्या मागे मागे गेलेली आहेत. आणि झाल्यावर तो आधी भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला, मग बाकी जगात.

मी मागावरचा माहितीपट २००६ ते २००९ मध्ये केला. आमच्या त्या भागात माग बंद पडतो तो फक्त लाईट गेल्यावर. खट-खट-खट एवढं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, मुलाखत कसली घेता. त्या काळात भारनियमन जोरात. तर मी वेळापत्रक पाठ करून ठेवलं, लाईट जायच्या दहा मिनिटं आधी जाऊन बसायचो. लाईट गेली की कारखाना एकदम गप्प होतो, माणसं तिथेच मागाला टेकून बसतात, कपाळाचा घाम पुसतात आणि बोलायला लागतात. अख्खा माहितीपट अंधुक उजेडातला आहे. पुण्यात एकाने विचारलं, ही प्रकाशयोजना कशी साधली? मी म्हटलं, वीज मंडळाच्या कृपेने.

तो मी कारखान्याच्या मागच्या पटांगणात पांढऱ्या चादरीवर दाखवला. दीडशे माणसं. एका गंभीर प्रसंगाला सगळे खो-खो हसायला लागले. मला कळेना. नंतर एक कामगार म्हणाला, "ओ शेठ, चित्रात जकार्ड चाललाय आन् आवाज टॉवेलच्या साध्या मागाचा लावलाव की!" मूळ आवाज खराब झाला होता म्हणून मी दुसरीकडचा चिकटवला होता. तोवर तीन महोत्सवांत दाखवून झाला होता, एकाच्याही कानाला लागलं नव्हतं. मी परत जाऊन जकार्डचा आवाज घेतला आणि बदलला.

आता कांडीवाली, अम्मम्माचं.

एक, तू तिला मराठीत विचारतेस ना? मला तरी तसं वाटतंय, कारण "आमचं सगळं चांगलं आहे" हे वाक्य माणूस घरच्या भाषेत बोलत नाही, पाहुण्यांशी बोलतो. तेलुगूत विचार. खाली मराठी ओळी घालता येतात.

समोर बसू नकोस. शेजारी बस, तुझ्याही मांडीवर सूप घे आणि वळायला लाग. फोन फळीवर ठेव, तिच्या हातांच्या उंचीला. हात रिकामे असले की माणूस पुढाऱ्यासारखं बोलतं. हात कामात असले की जीभ मोकळी सुटते. आणि तुझ्या वाकड्या बिड्या बघून ती जे बोलेल तेच तुझं पहिलं दृश्य.

पंखा बंद कर. फोनला पंख्याचा आवाज माणसापेक्षा मोठा ऐकू येतो. कात्रीचा आवाज वेगळा घे, पान कापतानाचा. खोलीत कोणी बोलत नसताना एक मिनिट नुसता आवाज घे, जोडताना लागतो.

बिडी कंपनीच्या शाखेत, जिथे माल तपासतात आणि छाट, म्हणजे नापास बिड्या, काढतात, तिथे लपूनछपून शूटिंग करू नकोस. तुझं काही जात नाही, अम्मम्माचा माल बंद होतो. शेजारणी यात दिसणार असतील तर आधी सांग, हो म्हणाल्या तर घे, आणि नंतर नको म्हणाल्या तर काढून टाक. मी एकदा नाही काढलं. ती बाई अजून मला बघून रस्ता ओलांडते.

आणि नऊ तासांचं फोनवर ठेवलंयस ते आज रात्री दोन ठिकाणी कॉपी कर. दोन वेगळ्या घरांत. माझ्या चाळीस टेपांपैकी अकरांना बुरशी लागली.

पटवर्धनांचा 'द वर्ल्ड इज फॅमिली' मिळाला तर बघ. त्यात त्यांचे आई-वडील आहेत, घरात बसून बोलताना. आई कुंभारकाम करायच्या, चुलते राऊ आणि अच्युत पटवर्धन स्वातंत्र्यलढ्यातले. म्हातारे होत चाललेल्या आई-बापांना नुसतं टिपून ठेवलेलं चित्रण, त्याचा सिनेमा नंतर झाला. तेव्हा तू नऊ तासांवर आहेस त्याला सिनेमा म्हणायची घाई नको.

फिल्मकीडा_पुणे

धोटा, एक भर. जाहीरपणे, म्हणजे हॉल घेऊन, लोकांना बोलावून दाखवायचं असेल तर माहितीपटालाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, १९५२ च्या कायद्यानुसार. २००४ च्या मिफसाठी भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरलं तेव्हा चित्रपटकर्त्यांनी एकत्र येऊन 'विकल्प' नावाने स्वतःचा समांतर महोत्सवच भरवला होता. पटांगणातल्या चादरीचं तुम्ही काय केलंत?

धोटा

चादर धुऊन परत दिली.

कांडीवाली

धोटाकाका, सगळं केलं. पंखा बंद केला तर अम्मम्मा म्हणाली, "वीज वाचवतेस की मला मारतेस?" हे रेकॉर्ड झालंय.

सूप घेऊन बसले. माझ्या पहिल्या पंचवीस बिड्या तिने एकेक करून उलगडल्या, तंबाखू परत सुपात टाकला, पानं बाजूला ठेवली, काही बोलली नाही. मग सव्विसावी वळताना तिने माझा अंगठा धरून दाबला आणि सांगायला लागली, की तिला तिच्या सासूने असंच शिकवलं, पण अंगठ्यावर कात्रीचा दांडा मारून. पदराकडे एकदाही हात गेला नाही. चाळीस मिनिटं. हे सगळं आईलाही माहीत नव्हतं, ती दारात उभी राहून ऐकत होती. फोन हातांच्या उंचीला असल्यामुळे आईचे फक्त पाय दिसतात.

नाव_नको, तुमच्या आईंची ती फिल्म शोधायला मी मदत करते, साधारण कोणत्या वर्षी झालं ते सांगा.

एक अडचण. तिचा आवाज फार बारीक आलाय, कात्री मात्र कानात घुसते.

नाव_नको

२०१४ किंवा १५. उन्हाळा होता. एक केस कापलेली बाई आणि दोन मुलगे होते. आईला नक्की आठवत असेल, रात्री विचारून लिहितो.

धोटा

आईचे पाय तसेच राहू दे, कापू नकोस.

आवाजासाठी कॉलर माइक लागेल. माझ्याकडे एक जुना आहे, वायरचा, फोनला लागतो. रविवारी दुपारी चारनंतर ये, त्याआधी एक साखरपुडा आहे. वायर जवळ जवळ तुटायला आलीय, डाव्या बाजूला वाकवायची नाही. आणि तुझ्या वडिलांना बरोबर घेऊन ये, पुढच्या सीझनला मला लाईट धरायला माणूस हवाय, तू चालशील का ते त्यांच्यासमोरच ठरवू.